साठावं निरोगी मूल

आमच्या गावात सहादेव ढाकणे यांना सहादेव कुणी म्हणत नाही. बावीस वर्षं ते साखर कारखान्यात स्लीपबॉय होते. कुणाच्या उसाला कोणत्या तारखेला तोड, कोणती टोळी कोणत्या फडात, हे कारखाना ठरवायचा आणि त्याची चिठ्ठी हे सायकलवरून शेतकऱ्याला पोचवायचे. पन्नाशी उलटली, मिशा पांढऱ्या झाल्या, तरी हुद्दा बॉयच. मग कारखाना चिठ्ठ्या मोबाईलवर पाठवायला लागला आणि त्यांना नारळ मिळाला. नोकरी गेली, नाव राहिलं. लहानथोर सगळे त्यांना स्लीपदादा म्हणतात. मीही म्हणते.

त्यांची आणि माझी खरी ओळख माझ्या मुलीच्या आजारपणामुळे झाली. ज्ञानेश्वरी पाच वर्षांची असताना तिला रक्ताचा कॅन्सर झाला. आता ती सात वर्षांची आहे, दुसरीत आहे, रोज गोळ्या घेते आणि डॉक्टर म्हणतात सगळं छान चाललंय. मी दिवसातून चार वेळा तिच्या कपाळाला हात लावून बघते. आता माझा हात नुसता उचलला तरी ती कपाळ पुढे करते.

मध्यंतरी राज्य सरकारने लहान मुलांच्या कॅन्सरवर संशोधन करायला पैसे दिले आणि त्यातला एक अभ्यास आमच्या भागाच्या वाट्याला आला. जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू तालुक्यांतली तीस आजारी मुलं निवडली होती. त्यांत ज्ञानूचं नाव होतं. नगरहून आरती मॅडम दर दुसऱ्या गुरुवारी शेवगावला यायच्या आणि दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसायच्या. मुलांच्या कॅन्सरच्या डॉक्टर. खोलीत एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि पंख्याच्या जागी पंख्याचा हूक.

पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं, "मॅडम, आमच्याच पोरीला का?"

"ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "ते शोधायलाच तर पैसे मिळालेत."

दोन वर्षांत हा प्रश्न मी पुष्कळांना विचारला होता. कुणी मागच्या जन्मावर गेलं, कुणी माझ्या गरोदरपणातल्या ग्रहणावर, कुणी सरळ माझ्या सासूबाईंवर. माहीत नाही म्हणणारी ही पहिलीच बाई. मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना फॉर्म भरायला मदत करते म्हणाले. घरचं खतांचं दुकान दुपारी तसंही रिकामं असतं.

गावोगाव फिरायला मॅडमना माणूस हवा होता. वस्त्या, फड, ऊसतोड्यांच्या कोप्या-झोपड्या ज्याला पाठ आहेत असा. त्या कामावर कंत्राटाने स्लीपदादा लागले. मॅडमनी त्यांना काम समजावून सांगितलं. एका आजारी मुलामागे दोन निरोगी मुलं शोधायची. वय तेच, गाव तेच, पण नात्यातलं नको.

"निरोगी कशाला, मॅडम? त्यास्नी काय झालंय?"

"समजा तीसही आजारी मुलं बोअरचं पाणी पितात असं निघालं. तर दोष पाण्याचा?"

"मग कुनाचा?"

"पण त्या गावातली निरोगी मुलंही तेच पाणी पीत असतील तर?"

स्लीपदादा बराच वेळ त्या पंख्याच्या हुकाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी बैलाला जोड बघतेत तसं."

"तसंच धरा. तीस आजारी, साठ जोड. एकूण नव्वद फॉर्म, एकतीस मार्चच्या आत. तेवढे भरले तर सरकार दुसरा हप्ता देईल. एक जरी कमी पडला तर अभ्यास अपूर्ण, पैसे परत आणि ही खोली बंद."

खोली बंद झाली तर मला फक्त नगरचे खेटे वाढणार नव्हते. माझा प्रश्न विचारणारं सरकारात कुणीच उरणार नव्हतं.

आजारी मुलांचे तीस फॉर्म पंधरा दिवसांत भरून झाले. निरोगी मुलं काय, रस्त्यात सापडतील, असंच आम्हा तिघांनाही वाटत होतं.

पहिल्या दिवशी मी स्कूटीवर आणि स्लीपदादा त्यांच्या मोटारसायकलवर, असे एका वस्तीवर गेलो. दारातल्या लिंबाच्या फांदीला एक पोरगा गुडघ्यांनी लटकून उलटा झुलत होता. त्याची आई जया भाकरी थापत होती.

"तुमचं मूल निरोगी आहे का?" स्लीपदादांनी फॉर्मवरचा पहिला प्रश्न वाचला.

"कशाचं निरोगी, दादा! निसता सापळा ऱ्हायलाय. खात न्हाई, पित न्हाई."

पोरगा वरून उडी मारून आला, भाकरीवर ठेचा घेतला, गुंडाळी करून तोंडात धरली आणि परत झाडावर गेला.

"ही कितवी?" मी विचारलं.

"चवथी. पन अंगाला लागतच न्हाई ना, ताई."

पुढच्या घरी पोरगी झोपेत दात खायची. त्यापुढच्या घरी नाक वाहायचं. एका आजीने नातू आमच्यासमोर उन्हात उभा केला आणि म्हणाली, "बघा, सावली कशी बारीक पडती ह्याची." आम्ही बघितली. सावली नातवाएवढीच होती. संध्याकाळपर्यंत एकवीस घरं झाली आणि फॉर्म एकही नाही. जे मूल पळताना आमच्या हाती लागत नव्हतं, ते सुद्धा आईच्या मते अशक्त होतं.

मला हे कळायला हवं होतं. ज्ञानू आजारी पडायच्या आधी कुणी म्हणालं, छान गुटगुटीत आहे हो, तर मीच घाईघाईने म्हणायची, छे, कुठली, सारखी सर्दी. आणि आता कुणी विचारलं तर मी म्हणते, एकदम मस्त, धावते, खाते. बाकीच्या आजारी मुलांच्या आयाही दवाखान्याच्या बाकड्यावर हेच म्हणतात. चार तालुक्यांत निरोगी मुलं कुणाकडे होती, तर ती आम्हा तीस जणींकडे.

स्लीपदादा दर शनिवारी अभ्यासाच्या मुंबईच्या कार्यालयाला अहवाल पाठवायचे. जानेवारीअखेर त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं: भेट दिलेली मुले एकशे चाळीस, निरोगी शून्य. हा आकडा मुंबईहून फिरत फिरत जिल्ह्याच्या कुठल्याशा कार्यालयात गेला आणि तिथे कुणालातरी घाम फुटला. बुधवारी सकाळी दोन जीपा आल्या. मीठ-साखरेची पाकिटं, जंताच्या गोळ्या आणि धुराचं मशीन. साथ कसली आहे हे त्यांना माहीत नव्हतं आणि आम्हालाही सांगता येईना. दोन दिवस त्यांनी वस्त्यावस्त्यांवर धूर सोडला. पोरं त्या धुरामागे आरडाओरडा करत दीड-दीड किलोमीटर पळाली. एकही दमलं नाही.

तिसऱ्या दिवशी स्लीपदादा परत जयाच्या दारात.

"आता तर नगच इचारू, दादा. धुरानं खोकला लागलाय त्याला."

तेव्हा स्लीपदादांना एक युक्ती सुचली. कारखान्यात असताना कुणाचा ऊस किती टन निघेल हे ते त्याला स्वतःला कधीच विचारायचे नाहीत, बांधाच्या पलीकडच्याला विचारायचे. तसं त्यांनी जयाला विचारलं, "बरं, तुझं ऱ्हाऊ दे. शेजारचं पोरगं कसंय?"

"तिचं? दगड पचवतंय!" जया ताडकन म्हणाली. "कवा शिंकलं न्हाई ते. परवा पत्र्यावरून पडलं, पत्र्याला पोचा आला."

शेजारणीला जयाच्या पोराबद्दल विचारलं तर म्हणाली, "वळू हाय वळू." चार दिवसांत स्लीपदादांच्या वहीत दोनशे निरोगी मुलं जमली, सगळी दुसऱ्याने सांगितलेली. पण सही मूल ज्या घरात राहतं त्या घरच्यांचीच लागायची. वही घेऊन ते त्या दारांत गेले तेव्हा आयांना कळलं की आपल्या लेकराला कुणी निरोगी म्हटलंय. मग जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. जया आणि तिची शेजारीण हातात खराटे घेऊन समोरासमोर उभ्या होत्या.

"माझ्या लेकराला निरोगी म्हनतीस? तुझ्या जिभेला काय हाड?"

"तू आदी म्हनलीस! सरकारी कागदावर लिवून दिलंस!"

"माझ्या पोराला उद्या काय झालं म्हंजी? येशील का तू दवाखान्यात?"

दोघींनी मिळून मग स्लीपदादांना फैलावर घेतलं. ते मोटारसायकलला किक मारत होते आणि ती लागत नव्हती.

तो गोंधळ साळूबाईंनी मिटवला. साळूबाई म्हणजे त्या वस्तीवरची सगळ्यांत जुनी म्हातारी, गावची निम्मी बाळंतपणं त्यांच्या हातची. स्लीपदादांना अजून नावाने हाक मारणाऱ्या त्या एकट्याच. ओसरीवरून त्या ओरडल्या, "आरं सहादेवा, तुला अक्कल हाय का न्हाई? उघडा कागद फिरवतोस व्हय?"

"उघडा म्हंजी?"

"पोराला भाईर काढताना तीट लावत्यात. कागदाला नगं?"

त्यांनी चुलीवरचा तवा मागवला, उलटा केला, बुडाच्या काजळीवर बोट फिरवलं आणि फॉर्मवर जयाच्या पोराच्या नावाशेजारी एक काळा ठिपका उठवला. मग फॉर्म जयापुढे धरला. "आता लिव निरोगी. काई हुत न्हाई."

जयाने ठिपका नीट बघितला, नावाला पुरेसा जवळ आहे याची खात्री केली आणि सही केली. लगेच शेजारणीने. लगेच आणखी तिघींनी.

त्यानंतर स्लीपदादा खिशात काजळाची डबी घेऊन फिरायला लागले. कुठे तव्याची काजळी, कुठे कोळसा, एका गॅरेजवाल्या बापाने तर ट्रॅक्टरचं ऑइल लावलं आणि तो डाग पुढच्या चार फॉर्मांवर उतरला. ती चारही कुटुंबं खूश झाली, दोन-दोन ठिपके मिळाले म्हणून. मार्चचा पहिला आठवडा संपेपर्यंत एकोणसाठ फॉर्म आले. मॅडमनी ते मुंबईला पाठवले आणि आम्ही चहा मागवला.

मुंबईला आकडेमोड बघणारे भागवतसाहेब होते. त्यांच्या हाताखाली एक फार कामसू मुलगी फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायची. कागदावर जे दिसेल ते नोंदवायचं, अशी तिला सूचना होती. तिने एक नवा रकाना उघडला: काळा ठिपका, आहे की नाही. मग कॉम्प्युटरने सगळ्याची तुलना केली. पाणी, चुलीचा धूर, फवारणी, आईबापांचं काम.

भागवतसाहेबांचा फोन आला तेव्हा मी खोलीतच होते. मॅडमनी स्पीकर लावला.

"मॅडम, कशानेही फारसा फरक पडत नाहीये. फक्त एका गोष्टीने पडतोय. ठिपका असलेल्या एकोणसाठ मुलांपैकी एकालाही कॅन्सर नाही. ठिपका नसलेल्या तीसच्या तीस मुलांना आहे. माझ्या नोकरीत असा निकाल मी पाहिला नाही. हा ठिपका कोण देतं?"

मॅडमनी कपाळावर हात ठेवला. स्लीपदादा फोनजवळ वाकून म्हणाले, "मी देतो, साहेब."

तिसऱ्या दिवशी भागवतसाहेब स्वतः आले. त्यांच्यासोबतच्या मदतनिसाने आल्या आल्या काजळाची डबी चिमट्याने उचलून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली. सगळा प्रकार कळल्यावर साहेब आधी पांढरे पडले आणि मग चिडले.

"तीट मलाही माहीत आहे हो. पण सरकारी कागदावर?"

"साहेब, पोराला निरोगी बी सरकारी कागदावरच लिवलंय," स्लीपदादा म्हणाले. "चारचौघांत म्हनलं तरी आईच्या पोटात गोळा येतो. हितं तर कागद मुंबईला जानार. किती लोकं वाचत्याल."

"डाग पडलेले फॉर्म बाद होतात. एकोणसाठही परत भरा. कोरे, स्वच्छ."

मॅडम म्हणाल्या, "सोळा दिवसांत?"

"नियम आहे."

मला तिथल्या तिथे रडू यायला लागलं. मी खिडकीकडे तोंड केलं. स्लीपदादा मात्र शांतपणे साहेबांना खुर्ची देत म्हणाले, "बसा, साहेब. च्या घ्या. तुमाला पोरंबाळं?"

"एक मुलगी आहे."

"केवढी?"

"नऊ वर्षांची."

"तब्येत बरी आसती ना?"

"तशी ठीक असते," साहेब कप उचलत म्हणाले. "पण सारखं सर्दी-पडसं. खाण्याचे तर इतके नखरे, अंगाला म्हणून काही लागत..."

ते थांबले. चिमटेवाला मदतनीस पिशवीतल्या डबीकडे बघत राहिला.

"पोहते ती," साहेब हळूच म्हणाले. "जिल्ह्यात पहिली आली." आणि लगेच टेबलाच्या लाकडी कडेवर त्यांनी बोट टेकवलं.

मुंबईला गेल्यावर त्यांनी काय केलं कोण जाणे, पण चोवीस मार्चला पत्र आलं. दोन्ही गटांचे फॉर्म एकसारखे असणे आवश्यक असल्याने, फॉर्ममध्ये रकाना क्रमांक एकोणीस, 'ठिपका', समाविष्ट करण्यात येत आहे. निरोगी गटातील प्राप्त एकोणसाठ फॉर्मवर सदर पूर्तता झालेली आहे. आजारी गटातील तीस फॉर्मवर पालकांनी स्वहस्ते ठिपका लावून त्रुटीपूर्तता करावी. ठिपक्याचा व्यास दहा मिलिमीटरपेक्षा अधिक नसावा.

दहा मिलिमीटर मोजायला स्लीपदादांनी जुन्या शर्टाच्या बाहीचं बटण तोडून घेतलं आणि तीस घरं फिरायला निघाले. या वेळी मी सोबत गेले नाही. निरोगी मुलाच्या घरी जाणं वेगळं आणि त्या घरी जाणं वेगळं. त्यांनी नंतर एवढंच सांगितलं की कुठेही नाही म्हणाले नाहीत, आणि एका घरी बापाने काजळात बुडवलेलं बोट कागदावरून उचललंच नाही, शेवटी यांनी धरून उचललं.

माझ्याकडे ते तीस मार्चला आले. सगळ्यांत शेवटी.

"ताई, ज्ञानूच्या फॉर्मला तेवढा ऱ्हायला."

"दादा, आजारी पोरीला कोण दृष्ट लावतंय?"

"मगाशी सायकलवर हुती. दोन्ही हात सोडून," ते म्हणाले. "माझीच लागली आसंल."

ज्ञानूने माझी वाट बघितली नाही. तिने बोट डबीत घातलं, बरोबर बटणाएवढा ठिपका उमटवला आणि उरलेलं काजळ आपल्या गालाला पुसलं. मी रुमाल उचलला आणि परत ठेवून दिला.

"झाले तीस," मी म्हणाले. "आणि निरोगी?"

"एकुनसाठच."

ते मला ठाऊक होतं. कमी पडत होती ती ज्ञानूचीच दुसरी जोड. आमच्या लहानशा गावात ज्ञानू सोडून सात वर्षांची अकरा मुलं. त्यांतली सहा आमच्या भावकीतली, ती चालत नव्हती. तीन आईबापांसोबत ऊसतोडीला कर्नाटकात. एक आधीच लागलं होतं. राहिला ओम. ओम म्हणजे स्लीपदादांचा नातू. मुलगा-सून तोडीला गेलेले, ओम आजी-आजोबांजवळ.

"ओम आहे की," मी म्हणाले.

"ओम खोकतो."

आम्ही दोघांनी अंगणात बघितलं. ज्ञानू सायकलवर बसली होती आणि ओमने पुढचं चाक धरून सायकल तिच्यासकट उचलली होती.

माझा तोल गेला. "एकोणसाठ आयांना तुम्ही काय सांगितलंत, दादा? ठिपका लावला की काही होत नाही. मग आता? उद्या पाच वाजता खोली बंद होणार, ते तुमच्या नातवाच्या खोकल्यासाठी?"

ते पायरीवर बसले. बराच वेळ काजळाची डबी उघडत होते, मिटत होते.

"माझा पैला पोरगा हुता. वैजनाथ. सा वरसाचा. कोपरगावकडं फडात हुतो आमी, तवा मी बी तोडीलाच हुतो. त्यानं उसाची मोळी उचलली, तर मी समद्यांसमोर म्हनलो, बगा माझा पैलवान. आठव्या दिशी ताप आला. अंगावर निळे डाग. रक्त पांढरं झालं म्हनले. कशानं, ते कोन सांगनार तवा." डबी मिटली. "मला कळतंय, ताई. माझ्या म्हनन्यानं न्हाई झालं. पन मी म्हनलो हुतो."

मी बीएस्सी आहे. तरी मी ओमचं नाव परत काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजून गेले तरी स्लीपदादा खोलीवर आले नाहीत. मॅडमनी कॉम्प्युटर चालू ठेवला होता. पाचला पाच मिनिटं कमी असताना दारात स्लीपदादांची बायको रंगुबाई दिसली. एका हाताला ओम, दुसऱ्या हाताने नवऱ्याची बाही धरलेली.

"पोरगं आपल्या पायानं आलं," ती म्हणाली. "ह्येला वढीत आनलं. मॅडम, लिवा. माझं पैलं कशानं गेलं ते मला कळाया पायजे. ह्यांची पोरगी न आमचं पोरगं एकच पानी पितेत. लिवा लवकर."

आपल्या नात्यातल्या मुलाचा फॉर्म कर्मचाऱ्याने भरायचा नाही असा नियम आहे, म्हणून तो मी पुढे ओढला. आयुष्यात इतक्या घाईने मी कधी लिहिलं नाही. गाव, वय, पाणी, चूल, फवारणी. मग वरचा पहिला प्रश्न, जो मी मुद्दाम मागे ठेवला होता.

"मूल निरोगी आहे का?"

रंगुबाई म्हणाली, "सई मी करीन. ह्येचं उत्तर ह्येनं द्यायचं."

स्लीपदादांनी डबी काढली. बटण काढलं, बघितलं आणि खिशात परत टाकलं. अंगठा पूर्ण काजळात दाबला आणि फॉर्मवर टेकवला. ओमचं नाव गेलं, आडनाव गेलं, गावाची दोन अक्षरं गेली.

"व्यास, दादा..." मॅडम म्हणाल्या आणि मग म्हणाल्या, "असू दे. फॉर्मचा नंबर दिसतोय."

"हाय," स्लीपदादा म्हणाले. मग परत म्हणाले, दवाखान्याच्या व्हरांड्यात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "निरोगी हाय. एक नंबर निरोगी हाय."

मी लिहिलं. रंगुबाईने सही केली. मॅडम फोटो काढून फॉर्म चढवायला लागल्या. दुसरा हप्ता पुढे जूनमध्ये मंजूर झाला, मॅडम अजूनही गुरुवारी येतात आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही. पण त्या दिवशी त्या खोलीत आम्ही सगळे कॉम्प्युटरवरची निळी पट्टी पुढे सरकताना बघत होतो. एकटे स्लीपदादा तिकडे बघत नव्हते. ते ओमकडे बघत होते, पापणी न हलवता, आणि त्यांनी हळूच त्याच्या कपाळाला हात लावला.

पट्टी पूर्ण झाली. पाचला एक मिनिट कमी. तेवढ्यात काजळीने असेल की धुळीने, ओम शिंकला. एकदा, मग लागोपाठ तीनदा.

स्लीपदादांचा चेहरा असा उजळला की तसा मी आजवर पाहिला नव्हता.

"बगा!" ते ओरडले. "मी काय सांगत हुतो? सर्दी हाय त्याला! मॅडम, लिवा ते बी लिवा!"

"गेला फॉर्म, दादा," मॅडम म्हणाल्या.

"जाऊ द्या, जाऊ द्या," ते म्हणाले, आणि नातवाचं नाक आपल्या धोतराच्या सोग्याने पुसत, भेटेल त्याला पोराला कशी सर्दी झालीय ते सांगत, आनंदाने व्हरांड्यातून बाहेर पडले.